खुंटीला बांधलेला शुक्रवार

स्टूचं खरं नाव प्रानस स्टुल्गिस होतं, हे अकरा वर्षं त्याच्या शेजारी उभं राहूनही मला ठाऊक नव्हतं. आमच्या बाजारात नावं चालत नाहीत. छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर तीन अक्षरं, आणि तीच हाक. त्याच्या बिल्ल्यावर एस-टी-यू होतं म्हणून तो स्टू. माझ्या बिल्ल्यावर के-ई-ओ, म्हणून मी किओ. घरी मला नोरीन म्हणतात, पण शिकागोच्या त्या सभागृहात कुणी नोरीन म्हणून हाक मारली असती तर मी वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

आम्ही ज्यात उभे राहायचो तो पायऱ्यापायऱ्यांचा, आत उतरत जाणारा हौद होता. त्यात पाणी नव्हतं, माणसं होती, आणि सगळी एकाच वेळी बोंबलत असायची. स्टू दुसऱ्या पायरीवर, खांबाला लागून. वय साठीच्या पुढे, मोहरीच्या रंगाचा कोट, कोपरांवर झिजून चकाकणारा, खिशात खोकल्याच्या गोळ्या. आवाज बारीक. बोंबलण्याच्या धंद्यात असा आवाज घेऊन हा माणूस आलाच कसा, हे मला पहिले सहा महिने कोडं होतं. मग त्याचे हात पाहिले. तळवा आपल्याकडे केला की घेतो, समोरच्याकडे केला की देतो. बोटं हनुवटीपाशी नेली की एकक, कपाळापाशी नेली की दहा. मिटलेली मूठ म्हणजे शून्य. या खुणा आम्ही सगळेच करायचो, पण बाकीच्यांची बोटं घाईत एकमेकांत अडकायची. स्टूचा हात हौदाच्या पलीकडून, पाठमोऱ्या शंभर डोक्यांवरून वाचता यायचा.

आमचा माल म्हणजे ऑप्शन. ठरल्या भावाला शंभर शेअर घेण्याचा किंवा देण्याचा हक्क, आणि हा हक्क महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी मरतो. पन्नासला घेण्याचा हक्क तुमच्याकडे आहे आणि शेअर पंचावन्नला आहे, तर तुमची चांदी आणि तो हक्क ज्याने विकला त्याचं दिवाळं. शेअर पन्नासलाच बसला, तर हक्क चुलीत घाला.

आमच्या हौदात हॅलरन मिल्स नावाच्या एका पिठाच्या कंपनीचे ऑप्शन चालायचे. कंपनी झोपाळू, शेअर तिच्याहून झोपाळू. पण बॉस्टनचा एक मोठा फंड दर महिन्याला तिचे पन्नासचे हक्क ढिगाने विकायचा, घेण्याचेही आणि देण्याचेही. शेअर नेमका पन्नासला बसला की दोन्ही मेले, आणि विकून आलेला पैसा फंडाच्या खिशात. आता गंमत बघा. तिसऱ्या शुक्रवारी दुपारी भाव सव्वापन्नासला चढला की कुठूनतरी दणदणीत विक्री यायची. पावणेपन्नासला उतरला की तेवढीच दणदणीत खरेदी. हे बॉस्टनवाल्यांचं काम, असं सगळे म्हणत. सिद्ध कुणीच केलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, निम्मं काम आम्हीच करत होतो. फंडाने विकलेले हक्क आमच्याचकडे यायचे, आणि ते सांभाळायचे म्हणून भाव चढला की आम्ही शेअर विकायचो, उतरला की घ्यायचो. त्यामुळे तो बिचारा शेअर दाव्याला बांधलेल्या गाईसारखा दाव्याच्या लांबीइतका फिरायचा आणि घंटा होताना परत खुंटीशी येऊन उभा राहायचा. आम्ही त्या पन्नासला खुंटीच म्हणायचो.

स्टू या बॉस्टनच्या हत्तीच्या मागे मागे चालून जगत होता. हत्ती जे विकतो त्यातले चार दाणे आपणही विकायचे, खुंटीवर भरवसा ठेवायचा, आणि शुक्रवारी ते चार दाणे वेचून घरी जायचं. लोभ नाही, धाडस नाही. हौदातली जागाही त्याने भाड्याने घेतलेली. तीच त्याची सगळी मिळकत, आणि दिवसातली माणसंही तेवढीच.

पण भाव नेमका खुंटीवर बसला की एक गोम उरते. घंटा झाल्यावरही हक्क बाळगणाऱ्याला संध्याकाळपर्यंत मुभा असते: वापरू की सोडून देऊ. ज्याने विकलाय त्याला याचा निकाल कळतो सोमवारी सकाळी, आमचे हिशोब ठेवणाऱ्या पेढीत. मधले दोन दिवस आपल्या गळ्यात काय पडलंय, पडलंय की नाही, काही ठाऊक नसतं. म्हणून शहाणा माणूस घंटेआधी आपला विकलेला हक्क, मरायला टेकलेला का असेना, परत घेऊन टाकतो. त्याला सगळ्यात कमी मोल म्हणजे डॉलरचा सोळावा हिस्सा. आणाच म्हणा ना.

हे मला शिकवलं स्टूने. पहिल्याच महिन्यात मी आण्यासाठी कंजूषपणा करत होते, तेव्हा तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "पोरी, मढं उघड्यावर टाकून घरी जायचं नसतं. आणा टाक, पुरून टाक, मग जा. उघडं मढं शनिवारी उठून बसतं."

नवीन आलेल्या प्रत्येकाला तो हेच सांगायचा. हौदात त्याच्या नावाने म्हणच पडली होती: स्टूचा आणा.

म्हणूनच त्या नोव्हेंबरच्या शुक्रवारी जे झालं ते मला आधी खरंच वाटेना.

हॅलरन दुपारभर खुंटीभोवती घुटमळत होता. शेवटच्या दहा मिनिटांत हौदात भंगारबाजार लागला. आमचा हॅप, लालबुंद चेहऱ्याचा, आवाज असा की खांब हलावेत, पन्नासला घेण्याचे चाळीस हक्क घेऊन बसला होता. मरणारा माल, आणा आला तरी पुष्कळ, म्हणून गिऱ्हाईक शोधत होता.

"स्टू," तो ओरडला, "चाळीस आहेत. आण्याला घे. तुझाच नियम आहे ना?"

स्टूने त्याच्याकडे पाहिलं. हात वर निघाला, तळवा आत. मग त्याने तो हात खाली घेतला आणि मान हलवली.

"अरे म्हाताऱ्या, तो आणा काय शवपेटीत घालून नेणार आहेस?" हॅप म्हणाला. चार जण हसले. स्टूही हसला. मी समजले, याने आपले हक्क आधीच परत घेतलेत, याला गरज नाही. घंटा झाली. भाव पन्नास, ना इंच इकडे ना इंच तिकडे. स्टूने कोट घडी करून काखेत घेतला, मफलर गुंडाळला आणि बस धरायला गेला. तो आमच्याबरोबर बारमध्ये कधीच येत नसे.

आम्ही बारमध्ये होतो तेव्हा टीव्हीवर बातमी आली. हॅलरन मिल्सला दुसरी एक कंपनी विकत घेतेय, शेअरमागे साठ डॉलर देऊन.

हॅपने ग्लास असा खाली ठेवला की बिअर माझ्या बाहीवर आली. "माझे चाळीस," तो म्हणाला. "माझे चाळीस अजून माझ्याकडेच आहेत." आणि खुर्ची तशीच आडवी टाकून तो हक्क वापरतो म्हणून कळवायला धावत सुटला. तासाभरापूर्वी जे आण्याला कुणी घेत नव्हतं त्याचे आता चाळीस हजार डॉलर होत होते. त्याच्यामागोमाग आणखी दोघे पळाले. एकजण बसून राहिला, म्हणाला, "बॉस्टनवाल्यांची आज जिरली." कसली जिरते. हत्तीला मुंगी चावली, तिमाहीच्या हिशोबात एक ओळ खाली-वर. मला स्टूचा खाली गेलेला हात आठवला.

बारच्याच फोनवरून मी त्याच्या घरी फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला.

"स्टू, बातमी ऐकलीस?"

"रेडिओवर ऐकली."

"तुझे किती उघडे आहेत?"

"चाळीस."

चाळीस हजार त्याच्याकडे नव्हते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. सोमवारी ते सगळे त्याच्या गळ्यात पडले तर हौदातली जागा गेली, आणि त्या वयात, त्या आवाजाला, कुणी दुसरी जागा देणार नव्हतं. एकच आशा होती. ज्यांच्याकडे हक्क होते त्यातल्या किती जणांनी बातमी वेळेत ऐकली, आणि ज्यांनी वापरले ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे विकणाऱ्यांत वाटले जातात त्यात स्टूच्या वाट्याला किती येतात, हे सोमवारशिवाय कुणालाच कळणार नव्हतं.

"बरं झालं फोन केलास," तो म्हणाला. "तू जेवलीस का?"

रविवारी माझ्याने राहवेना. माझ्या घरी रविवारी नऊ माणसं जेवायला असतात, त्यांना तसंच टाकून मी मार्केट पार्क नावाच्या वस्तीत त्याच्या घरी गेले. विटांचं बुटकं घर, दारावर पितळी पाटी: पी. स्टुल्गिस, ए. स्टुल्गिस. तिथे मला त्याचं नाव विचारावं लागलं. अकरा वर्षांनी. प्रानस, तो म्हणाला, आणि ए म्हणजे आल्डोना, त्याची बहीण. दोघंही बिनलग्नाची, आईबापांच्या घरात एकत्र राहिलेली. सहा वर्षांपूर्वी ती गेली. रोज संध्याकाळी दार उघडताना ती त्याला विचारायची, "आज किती ओरडलास?" आणि तो सांगायचा, "अजिबात नाही, हातच हलवले."

त्याने कुगेलिस केलं होतं. बटाटा किसून, खारवलेल्या डुकराच्या तुकड्यांबरोबर भाजलेलं, वर आंबट साय. भांडं एवढं मोठं की चार माणसं जेवतील. टेलिफोन लांब तारेने ओढून स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून ठेवला होता, मिठाच्या बरणीशेजारी.

आणि स्टू खुशीत होता. हे मला सहन होईना.

"हॅपने फोन केला होता," तो मला वाढता वाढता सांगत होता. "माफी मागत होता बिचारा. म्हटलं, तुझी काय चूक, तू तर देत होतास. मग पेढीतल्या बाईंचा आला. मग तो उंच मुलगा, लाल कोटवाला, त्याचा. शनिवारी तीन फोन आले, किओ."

"स्टू, उद्या तुझी जागा जाईल."

"जाईल कदाचित."

"मग आणा का नाही टाकलास?" माझा आवाज चढला. बोंबलायची सवय आहे मला, आणि ते स्वयंपाकघर लहान होतं. "सगळ्या जगाला शिकवत फिरतोस. मढं पुरा, मढं पुरा. तुझा हात वर निघाला होता, मी पाहिलाय. आडमुठेपणा केलास की विसरलास? काय म्हणू मी याला?"

तो बसला. हात टेबलावर ठेवले, ते पहिल्यांदाच नुसते पडून होते.

"आल्डोना गेली त्या महिन्यात एक हक्क उघडा राहिला माझा," तो म्हणाला. "खरंच चुकून. शनिवार-रविवार मला घोर लागला, कुणी वापरला असेल का, नसेल का. सोमवारी पहाटेच पेढीत जाऊन बसलो. आणि लक्षात आलं की दोन दिवस कसे गेले ते कळलंच नाही. नाहीतर शुक्रवारी घंटा झाली की सोमवारपर्यंत माझ्याशी कुणाचं काही काम नसतं, पोरी. म्हणजे अगदी कुणाचंच नाही. पाववाली बाई पैसे घेते, तेवढंच. एक हक्क उघडा ठेवला की कुठेतरी कुणीतरी माणूस बसलाय आणि माझ्याबद्दल काहीतरी ठरवतोय, असं वाटतं. त्याला माझं नाव माहीत नाही, पण ठरवतोय ना."

"मग तू दर महिन्याला..."

"पुढच्या महिन्यात मुद्दाम एक ठेवला. मग दोन. मग पाच."

व्यसन कुठलंही असो, एकावर थांबत नाही. माझ्या बापाचं मी पाहिलंय, बाटलीचं. पण हे असलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्याचा राग आला, आणि रागाखाली वाईटही वाटलं. तरी मी ताटातलं सगळं संपवलं, कारण तो बघत होता.

"कधी काही झालं नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं खुंटी पक्की होती. बॉस्टनवाले आहेत तोवर गाय कुठे जातेय, असं वाटायचं."

"ते तुझ्यासाठी थोडीच बांधत होते."

"नाहीच," स्टू म्हणाला. "आणखी थोडं वाढू?"

सोमवारी उजाडायच्या आत मी पेढीत पोचले, तर तो आधीच बाकावर बसलेला, दाढी केलेली, मोहरी कोट इस्त्री केलेला. खिडकीपलीकडच्या बाईंनी यंत्रातून निघालेला कागद पाहिला, आणि मग कागद न दाखवता त्याच्याकडे पाहिलं. "अडतीस," त्या म्हणाल्या. चाळीसपैकी दोनच हक्क त्याच्या गळ्यात पडायचे वाचले होते.

स्टूने मान हलवली. खात्यात उरलेल्यातून काय वळतं करायचं ते करून दिलं, सह्या केल्या. मग कोटावरचा बिल्ला काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"ही अक्षरं आता दुसऱ्या कुणाला देतात का?" त्याने विचारलं.

"वर्षभर ठेवतात तशीच," बाई म्हणाल्या.

"वर्षभर. बरं आहे."

त्याने मला निरोपाला हात केला तो बाजारातलाच, तळवा बाहेर. हौदात खांबाजवळची दुसरी पायरी दुपारच्या जेवणाआधीच भरली. लाल कोटवाला पोरगा तिथे सरकला. हौदात रिकामी जागा राहतच नाही. त्याच दिवशी कुणीतरी नवीन पोराला "स्टूचा आणा टाक" असं सांगताना मी ऐकलं, आणि त्या पोराला वाटलं स्टू म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा कुणीतरी.

हॅलरन गेला, दुसऱ्या कंपनीत विरला. बॉस्टनवाल्यांनी दुसरी गाय शोधली, दुसरी खुंटी ठोकली. मी माझ्या कामात, माझ्या नऊ माणसांत. हिवाळा सरला.

मार्चचा तिसरा शुक्रवार. नवा शेअर चाळिसाच्या खुंटीशी येऊन उभा होता. माझे विकलेले बारा हक्क उघडे होते आणि हॅप आण्याला माल देत होता. तो आता जास्तच माजला होता. "किओ, तुला काय गरज," तो म्हणाला, "तू तर वाघीण." मलाही वाटलं, बारासाठी कोण आणा टाकतंय, भाव हलत नाहीये. हात खिशात घालून मी उगाच वर पाहिलं.

वर, सभागृहाच्या एका अंगाला, काचेमागे पाहुण्यांचा सज्जा आहे. शाळेच्या सहली येतात, परगावचे लोक येतात. काचेला अगदी चिकटून एक म्हातारा उभा होता, अंगात साधा काळा कोट. मोहरीचा कोट नव्हता म्हणून ओळखायला मला क्षणभर लागला. त्याने हात वर केला. तळवा आत. मग अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट: आणा. मग सगळा हात गोल फिरवला: सगळे.

हौदापलीकडून, काचेपलीकडून, अक्षर न अक्षर वाचता आलं.

"बारा घेतले," मी हॅपला म्हणाले. "आण्याला."

हॅपनेही वर पाहिलं. काहीतरी टोमणा त्याच्या तोंडाशी आला होता, तो त्याने गिळला. "घेतलेस," एवढंच म्हणाला.

मी पुन्हा वर पाहिलं. स्टूचा हात विचारत होता: किती उरले? मी मूठ मिटून दाखवली. शून्य. त्याने मान हलवली आणि तिथेच उभा राहिला, हात काचेवर टेकवून. मला कळलं की हा दर तिसऱ्या शुक्रवारी येत असणार. नोव्हेंबरपासून आजवर मी वर पाहिलंच नव्हतं, इतकंच. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी हात वर केला आणि तो तसाच राहिला. आमच्या खुणांत घेणं आहे, देणं आहे, किती आणि कितीला आहे. जेवायला ये, याला खूण नाही.

घंटा झाली. मी हौदातून उलट्या बाजूने वर चढले, चार जणांच्या पायांवर पाय दिले, शिव्या खाल्ल्या, आणि बिल्ल्यासकट जिन्याने सज्ज्यात गेले. रखवालदार लोकांना बाहेर काढत होता. स्टू मफलर गुंडाळत होता.

"प्रानस," मी म्हणाले. धाप लागली होती. "रविवारी आमच्याकडे जेवायला यायचं. दर रविवारी. आमच्याकडे इतका गोंधळ असतो की तुझं बोलणं कुणाला ऐकूही येणार नाही."

त्याने मफलरची गाठ मारली.

"किती वाजता?" त्याने विचारलं, आणि माझ्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघत राहिला.

मी हनुवटीपाशी एक बोट नेलं.